निर्मळ पाण्याची साक्ष

मिशिगन राज्याच्या उत्तर भागात, अँट्रिम परगण्यात, सुमारे १९ मैल लांब, जेमतेम दोन मैल रुंद आणि २८० फुटांहून अधिक खोल असे टॉर्च लेक नावाचे सरोवर आहे. येथील मूळचे ओजिब्वे लोक रात्री मशालींच्या उजेडात मासे मारीत, त्यावरून त्याला हे नाव पडले. ज्याचे बालपण मालवण तालुक्यातील धामापूरच्या तळ्याकाठी, भगवतीच्या देवळाच्या पायऱ्यांवर बसून पाणी न्याहाळण्यात गेले आणि ज्याची उभी हयात पुढे डेट्रॉईटच्या कारखान्यांत खर्ची पडली, अशा माझ्यासारख्या माणसाला ते निळे पाणी पाहून त्याच्या काठी आपले एक घर असावे असे वाटले, यात नवल नाही. परंतु त्या ओढीच्या भरात जी सावधगिरी मी सोडली, तिची हकीकत सांगणे हे मी कर्तव्य समजतो, कारण माझ्यामागून अनेक आप्तस्नेही याच वाटेने येत आहेत.

घर पाहिले ते जुलैच्या एका स्वच्छ सकाळी. कमरेइतक्या पाण्यात उभे राहिले तरी पायांची नखे दिसत होती, आणि घरासमोरच्या दहा-बारा धोंड्यांवर शेवाळाची इतकी कोवळी, हिरवी लव उगवली होती की माझ्या पत्नीने ओणवे होऊन तिच्यावरून हात फिरविला. शेजाऱ्यांच्या पुढ्यातील धोंडे मात्र उघडे होते. तो भेद आम्ही पाहिला, पण त्याचा अर्थ कोणास विचारला नाही; आणि दुसरे गिऱ्हाईक तयार आहे असे दलालाने सांगताच सेप्टिक टाकीच्या तपासणीची अट करारातून वगळण्यास मी रुकार दिला व बयाणा देऊन मोकळा झालो.

पुढे दोन वर्षांनी मोरीचे पाणी तुंबू लागले, तेव्हा बोलाविलेल्या कारागिराने अंगणात लोखंडी सळई खुपसून टाकीचा ठाव घेतला, माती उकरली आणि झाकण उचलून मला आत पाहण्यास सांगितले. पत्र्याची ती जुनी टाकी तळाशी गंजून चाळणीसारखी झाली होती. काठची जमीन निव्वळ वाळूची. तिच्यातून मैलापाणी पुरते न गाळताच तळ्याकडे झिरपते आणि त्यातील फॉस्फरस हे शेवाळाचे खत होते. ज्या लवेवरून हात फिरवून आम्ही प्रसन्न झालो होतो, ती त्याच घराच्या सांडपाण्यावर पोसली होती. सरोवराने आपली फिर्याद पहिल्याच दिवशी आमच्यापुढे मांडली होती, आणि आम्ही तिलाच शोभा समजलो.

म्हणून माझे पहिले सांगणे असे की, टाकी उघडून पाहिल्याखेरीज खरेदीखतावर सही करू नये, मग घर हातचे गेले तरी चालेल. आमच्या खरेदीच्या वेळी मिशिगनमध्ये अशा टाक्यांसंबंधी सर्व राज्याला लागू असा एकच कायदा नव्हता. तेव्हा सरकार तपासून घेईल या भरवशावर कोणी राहू नये. घर घेतल्यावर दर तीन ते पाच वर्षांनी टाकी उपसून घ्यावी, आणि पाण्याच्या कडेपर्यंत हिरवळ कापून काढण्याऐवजी काठालगत रानटी झुडपांचा पट्टा राखावा, म्हणजे वाहून येणारे खत तेथेच अडते.

दुसरे सांगणे कराविषयी. विकणाऱ्याच्या कराच्या पावतीवरून मी वर्षाच्या खर्चाचा अंदाज बांधला आणि फसलो. १९९४ साली मतदारांनी मंजूर केलेल्या दुरुस्तीप्रमाणे करपात्र मूल्य दरसाल महागाईच्या प्रमाणात किंवा ५ टक्के, यांपैकी जे कमी असेल तितकेच वाढू शकते. पण मालकी बदलली की पुढील वर्षी ते बंधन सुटते आणि आकारणी चालू बाजारभावाच्या निम्म्यावर येऊन ठेपते. शिवाय राहत्या घराला शाळांच्या करात दर हजारी १८ डॉलरपर्यंत मिळणारी सूट सुटीच्या घराला मिळत नाही. तिसरे, दस्तातील चतुःसीमा वकिलाकडून वाचून घ्याव्यात: किनारा मालकीचा आहे की पाण्यापर्यंत जाण्याची केवळ वहिवाट आहे, हे पाहावे; कारण वहिवाट असली म्हणजे नावेसाठी धक्का बांधण्याचा हक्क असतोच असे नाही.

जलविहाराचेही काही दंडक आहेत. काठालगतच्या वाळूवर पाणी फिकट निळे दिसते आणि पुढे एका रेषेवर ते एकाएकी गडद होते. त्या रेषेपाशी तळ तुटतो, म्हणून मुलांना ती रेषा प्रथम दाखवावी आणि पोहता येत असले तरी नावेत जीवरक्षक जाकीट घालावे. मर्गान्सर बदकांच्या विष्ठेतून गोगलगाईंत आणि गोगलगाईंतून पाण्यात उतरणाऱ्या सूक्ष्म जंतूंमुळे अंगाला खाज सुटते. वारा काठाकडे वाहत असताना उथळ पाण्यात रेंगाळू नये आणि बाहेर येताच अंग खसखसून पुसावे. माझ्या नातीच्या पायांवर आठवडाभर पुरळ होते, तेव्हा हा नियम आमच्या घरात आला. दुसऱ्या तळ्यातून आणलेली नाव धुऊन, निथळवून आणि वाळवूनच येथे उतरवावी, कारण १९८८ साली लेक सेंट क्लेअरमध्ये प्रथम आढळलेले झेब्रा शिंपले अशाच नावांबरोबर एका सरोवरातून दुसऱ्या सरोवरात पसरतात. हे शिंपले पाणी गाळून त्यातील सूक्ष्म जीव खाऊन टाकतात, त्यामुळे पाणी अधिकच नितळ दिसते; अशी नितळता आरोग्याची खूण नव्हे.

टाकी नवी बसवून आता सहा वर्षे झाली. दर जूनमध्ये मी त्या धोंड्यांवरून हात फिरवून पाहतो. लव विरळ झाली आहे, पण पुरती गेलेली नाही. वाळूत मुरलेले अजून झिरपते आहे, असे कारागीर सांगतो. तिला जायला आणखी किती उन्हाळे लागतील ते लागोत. पाहुणे आले की मी त्यांना आधी त्या धोंड्यांपाशी नेतो, आणि मग नाव सोडतो.