आधण, आच आणि आमटी

काही वर्षांपूर्वी सांगलीहून आमच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना घेऊन मी महाबळेश्वरला दोन दिवसांच्या मुक्कामासाठी गेलो होतो. थंडीचे दिवस होते. रात्रीसाठी भात, तुरीची आमटी आणि वांग्याची भाजी असा साधा बेत ठरला. तीन दगडांची चूल मांडून विद्यार्थ्यांनी डाळीचे मोठे पातेले चढविले. घरी जेवढ्या वेळात डाळ मऊसूत होते तेवढा वेळ गेला, तरी डाळीचा दाणा बोटांनी दाबला तर आत टणकच लागे. मग कोणीतरी चुलीत आणखी लाकडे सारली. पातेल्यातून वाफेचे लोट निघू लागले, पाणी आटले, पुन्हा गार पाणी ओतले. शेवटी खालची डाळ करपली आणि वरची कच्चीच राहिली.

"सर, इथल्या पाण्यातच काहीतरी दोष आहे," एक विद्यार्थी म्हणाला. दुसऱ्याने लाकडांना दोष दिला. खरे म्हणजे पाणी चांगले होते आणि लाकडेही वाळलेली होती. चुकला होता तो आमचा समज! आच वाढविली की अन्न लवकर शिजते, असे आपण सर्वजण धरून चालतो. हा समज कितपत खरा आहे, ते आज पाहू.

उकळी फुटली की पारा थांबतो

आधण ठेवलेल्या भांड्यात प्रयोगशाळेतला तापमापक धरला तर पारा भराभर चढताना दिसतो. मात्र पाण्याला उकळी फुटली की पारा एका ठिकाणी थांबतो. त्यानंतर आच दुप्पट करा किंवा चौपट करा, पारा जागचा हलत नाही. जास्तीची सर्व उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते.

हा पारा नेमका कोठे थांबेल, ते हवेच्या दाबावर अवलंबून असते. समुद्रसपाटीला तो 100 अंश सेल्सिअसवर थांबतो. आपण जसजसे उंच जातो तसतसा डोक्यावरील हवेचा थर कमी होतो, दाब उतरतो, आणि पाणी कमी तापमानाला उकळू लागते. साधारण 300 मीटर उंचीमागे उत्कलनबिंदू एक अंशाने खाली येतो. सांगली सुमारे 550 मीटर उंचीवर आहे, म्हणून तेथे पाणी 98 अंशांच्या आसपास उकळते. साताऱ्याला ते साडेसत्त्याण्णव अंशांच्या सुमारास उकळते. महाबळेश्वर तर 1,350 मीटरांहून उंच, तेथे साडेपंचाण्णव अंशांनाच उकळी फुटते.

अडीच अंशांनी काय एवढे बिघडते, असे तुम्ही विचाराल. डाळ शिजणे म्हणजे तिच्यातील पिष्टाचे कण पाणी शोषून फुगणे आणि पेशींना जोडून ठेवणारे पेक्टिन सुटे होणे. ढोबळमानाने पाहता तापमान दहा अंशांनी वाढले की अशा क्रियांचा वेग दुपटीच्या आसपास जातो. त्या मानाने अडीच अंशांचा फरक म्हणजे तासाभराच्या कामाला दहा-बारा मिनिटे अधिक. आमच्या डाळीला हवी होती ती तेवढी मिनिटे. आम्ही तिला दिली लाकडे!

वाफेचा हिशेब

आता एक सोपा हिशेब करू. तुमच्या पुस्तकात उष्णता ज्यूलमध्ये मोजतात, पण येथे कॅलरी सोयीची पडेल. एक ग्रॅम पाण्याचे तापमान एक अंशाने वाढविण्यास एक कॅलरी लागते.

चार-पाच माणसांच्या घरासाठी पाव किलो तूरडाळ आणि एक लिटर पाणी घेतले असे धरा. पाणी 25 अंशांपासून 98 अंशांपर्यंत तापविण्यास 73,000 कॅलरी लागतील. डाळ तापण्यासाठी आणखी सुमारे 7,000 धरा. म्हणजे एकूण 80,000 कॅलरी. शिजण्याच्या क्रियेला स्वतःला लागणारी उष्णता फारच थोडी असते, ती सोडून देऊ.

आता झाकण न ठेवता मोठ्या आचेवर ती डाळ खदखदू दिली आणि तेवढ्यात अर्धा लिटर पाणी आटले, असे समजा. एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे 540 कॅलरी लागतात. यालाच आपण बाष्पीभवनाचा अप्रकट उष्मा म्हणतो. तेव्हा 500 ग्रॅम पाण्यामागे 2,70,000 कॅलरी गेल्या. डाळ व पाणी तापविण्याला लागली त्याच्या तिपटीहून अधिक उष्णता आपण छपराकडे पाठविली.

हेच गॅसच्या भाषेत मांडू. एक ग्रॅम गॅस जळला की सुमारे 11,000 कॅलरी मिळतात, पण काही उष्णता आजूबाजूला निसटते आणि भांड्याला त्यांतील 7,000 मिळतात असे धरू. डाळीला उकळी येईपर्यंत साडेअकरा ग्रॅम गॅस पुरला. नंतरच्या वाफेने साडेअडतीस ग्रॅम खाल्ला. सिलिंडरमध्ये गॅस असतो 14.2 किलो. रोज दोन वेळा अशी चूक झाली तर तो किती दिवस आधी संपेल, ते तुम्हीच काढा.

ताटातले पाणी

आमच्या सातारकडच्या घरी आजी चुलीवर डाळ शिजत ठेवी, तेव्हा पातेल्यावर खोलगट ताट पालथे न घालता सुलटे ठेवी आणि त्यात पाणी भरी. डाळीतले पाणी कमी झाले की त्या ताटातले कढत पाणी आत ओती. "गार पाणी घातलं की डाळ दडदडीत राहते," असे ती म्हणे.

यात भौतिकशास्त्र आहे. वर चढणारी वाफ त्या थंड ताटाच्या तळाला लागते आणि तिचे पुन्हा पाणी होते. त्या वेळी प्रत्येक ग्रॅममागे घेतलेल्या 540 कॅलरी ती ताटाला परत करते. थेंब पातेल्यात पडतात आणि उष्णता ताटातल्या पाण्यात जाते. उघड्या भांड्यातून पळून जाणारी वाफ येथे कामाला लागते.

हेच तत्त्व पुढे अनेकांनी वापरले. कलकत्त्याचे डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी 1910 साली इकमिक कुकर तयार केला. त्यात एकावर एक डबे ठेवून खालच्या थोड्याशा कोळशावर सगळा स्वयंपाक वाफेने होत असे. पुण्याच्या आरती या संस्थेने, म्हणजे डॉ. आनंद कर्वे यांच्या समुचित ग्रामीण तंत्रज्ञान संस्थेने, 'सराई' कुकर बनविला. सुमारे 100 ग्रॅम कोळशात एका कुटुंबाचा भात, डाळ व भाजी त्यात एकाच वेळी शिजतात. याच संस्थेने उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याची पद्धतही विकसित केली. आपल्या भागात ऊस तुटल्यावर फडातले पाचट पेटवून देतात, हे तुम्ही पाहिलेच असेल. सातारा जिल्ह्यात फलटणला 1968 साली स्थापन झालेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅनस्टोव्ह' तयार केला. हा रॉकेलचा कंदील उजेड देतो आणि त्याच्या डोक्यावर ठेवलेल्या वाफेच्या कुकरमध्ये स्वयंपाकही होतो. कंदिलाची उष्णता ती केवढी! पण वाफ कोंडून ठेवली की तेवढीही पुरते.

घरोघरचा प्रेशर कुकर याच्याही एक पाऊल पुढे जातो. 1679 साली डेनिस पापँ याने केलेले यंत्र हा त्याचा पूर्वज. कोंडलेल्या वाफेमुळे आतला दाब वाढतो, म्हणून उत्कलनबिंदू सुमारे 120 अंशांपर्यंत चढतो आणि शिजण्याचा वेग चौपटीच्या घरात जातो. महाबळेश्वर काय, सांगली काय, कुकरला फारसा फरक पडत नाही. मात्र शिट्टी म्हणजे दाब पुरेसा झाल्याची सूचना. पहिली शिट्टी झाली की आच बारीक करावी. पुढची प्रत्येक शिट्टी म्हणजे विकतची उष्णता बाहेर सोडणे.

जळण आणि ताट

हा हिशेब केवळ काटकसरीचा नाही. भाकरी तव्यावर काही मिनिटांत होते, पण मटकी, हुलगे, तूर, घेवडा यांना वेळ लागतो. जळण महाग झाले की घरातली बाई नेमके हेच पदार्थ टाळते. मग भाकरी राहते आणि उसळ जाते. यात नुकसान मोठे आहे. ज्वारीच्या प्रथिनांत लायसीन हे अॅमिनो आम्ल कमी असते, ते डाळीत भरपूर असते. डाळीत मेथिओनिन कमी, ते ज्वारी भरून काढते. भाकरी आणि आमटी एका ताटात आली की दोघींची किंमत वाढते. त्यात मूठभर शेंगदाण्यांची चटणी आणि पालेभाजी असली तर फार पैसे न खर्चता चौरस जेवण होते.

तेव्हा कडधान्य टिकवायचे तर जळण वाचविले पाहिजे. डाळ तास-दोन तास आणि अख्खे कडधान्य रात्रभर भिजत घालावे. दाण्याच्या गाभ्यापर्यंत पाणी पोचण्याचे काम सावकाश चालते, ते आचेवर करून घेण्याऐवजी रात्रीवर सोपवावे. मटकीला मोड आणले तर ती लवकर शिजतेच, शिवाय कोरड्या दाण्यात जवळजवळ नसलेले क जीवनसत्त्व तिच्यात तयार होते. ते पाण्यात विरघळते आणि उष्णतेने नष्ट होते, म्हणून उसळ झाकण ठेवून बेताच्या पाण्यात करावी आणि ते पाणी फेकू नये. चिंच किंवा आमसूल डाळ शिजल्यावरच घालावे, कारण आंबट पाण्यात पेक्टिन लवकर सुटे होत नाही. खाण्याच्या सोड्याने डाळ लवकर शिजते खरी, पण ब-1 जीवनसत्त्वाचा बळी देऊन.

एक सावधगिरी मात्र पाळा. कोरेगाव भागातला वाघ्या घेवडा हा राजम्याच्याच जातीचा. कच्च्या दाण्यात एक विषारी प्रथिन असते आणि मंद, उकळीखालच्या आचेवर ते नष्ट होत नाही. घेवडा रात्रभर भिजवून ते पाणी टाकावे, नव्या पाण्यात किमान दहा मिनिटे चांगला खळखळून उकळावा, मगच आच कमी करावी.

करून पाहा

घरातील मोठ्या माणसांना बरोबर घेऊन दोन सारख्या पातेल्यांत एकेक लिटर पाणी उकळा. उकळी आल्यावर एक पातेले उघडे व मोठ्या आचेवर, दुसरे झाकून व बारीक आचेवर दहा मिनिटे ठेवा. दोन्हींचे तापमान शाळेतील तापमापकाने पाहा. तापाचा तापमापक वापरू नका, तो फुटेल. मग पाणी निववून मोजा. उघड्या पातेल्यात जितके ग्रॅम पाणी कमी भरेल त्याला 540 ने गुणा. आपल्या गावाची समुद्रसपाटीपासूनची उंची शोधून तेथील उत्कलनबिंदूही काढा आणि तो तुमच्या तापमापकाशी जुळतो का, ते पाहा.

दुसऱ्या दिवशी महाबळेश्वरला आम्ही डाळ सकाळीच भिजत घातली. संध्याकाळी पातेल्यावर पाण्याचे ताट ठेवले आणि चुलीतली दोन लाकडे बाहेर ओढली. डाळ उत्तम शिजली. उरलेली लाकडे सकाळी अंघोळीच्या पाण्याला उपयोगी पडली.