आकड्यामागचे आवाज

इतिहासाच्या तासाला मी दरवर्षी फळ्यावर एक आकडा लिहितो : साठ लाख. नाझी जर्मनीने व तिच्या साथीदारांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इतक्या ज्यूंची हत्या केली. विद्यार्थी आकडा वहीत उतरवून घेतात. मनात तो उतरत नाही. दोष त्यांचा नाही. आकड्याला आवाज नसतो. या मृतांचे स्मरण ध्वनीच्या द्वारे कसे झाले, याची तीन उदाहरणे येथे पाहू.

१९४६ साली डेव्हिड बोडर हे मानसशास्त्रज्ञ तारेवर ध्वनिमुद्रण करणारे यंत्र घेऊन अमेरिकेहून युरोपात गेले. निर्वासितांच्या छावण्यांत त्यांनी शंभराहून अधिक मुलाखती घेतल्या. जो तो आपल्या भाषेत बोलला. लेखी जबानीत घडलेले तेवढे उरते. येथे अडखळलेला शब्द आणि रोखलेला श्वासही उरला. १९४९ च्या आपल्या पुस्तकाला बोडरनी नाव दिले, 'मी मृतांची मुलाखत घेतली नाही'. ज्यांनी सर्वांत भयंकर पाहिले, ते सांगायला उरलेच नव्हते.

दुसरे उदाहरण स्टीव्ह राइश या अमेरिकन संगीतकाराच्या 'डिफरंट ट्रेन्स' (१९८८) या रचनेचे. आईवडील विभक्त झाल्यामुळे लहानपणी ते न्यूयॉर्क ते लॉस एंजेलिस असा आगगाडीचा प्रवास करीत. ती वर्षे युद्धाची होती. आपण ज्यू; तेव्हा युरोपात असतो, तर फार वेगळ्या गाडीत बसावे लागले असते, हा विचार या रचनेच्या मुळाशी आहे. वाचलेल्या तिघांची ध्वनिमुद्रित वाक्ये त्यांनी निवडली व त्यांतील चढउतार व्हायोलिन, व्हायोला, चेलो यांवर वाजवून घेतले. आपण शब्दांना चाल लावतो. येथे बोलण्यात मुळातच असलेली चाल वाद्यांनी उचलली.

दुःखाचे असे संगीत करावे काय? ही शंका रास्त आहे. परंतु येथे वाद्य बोलणाऱ्यावर स्वार होत नाही, त्याच्या मागून चालते. म्हणून मला ही रचना प्रामाणिक वाटते.

तिसरे उदाहरण जेरुसलेमच्या याद वाशेम येथील बालस्मारकाचे. मारल्या गेलेल्या सुमारे पंधरा लाख ज्यू मुलांसाठी ते १९८७ साली उभारले गेले. अंधारात मेणबत्त्यांची प्रतिबिंबे चमकतात आणि एक आवाज मुलांची नावे, वये व देश उच्चारीत राहतो. ज्यांचा आवाज उरला नाही, त्यांना दुसऱ्याने आपला आवाज द्यायचा, एवढेच आपल्या हाती आहे.

यंदा आकडा लिहिण्यापूर्वी मी बोडर यांची एक मुलाखत वर्गाला ऐकवली. भाषांतर आधी वाचून दाखवले होते. ध्वनिमुद्रण संपल्यावर मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, ही बाई पुढे कुठे गेली?"

इतक्या वर्षांत आकड्याबद्दल असा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता.