जुने कुट्टी-यंत्र घेताना

बैल विकत घेताना आपण काय करतो? त्याचे दात पाहतो. पाठीवरून हात फिरवतो. चार पावले चालवून बघतो. मालकाच्या नुसत्या शब्दावर कोणी बैल घेत नाही. मग जुने यंत्र घेताना नुसता रंग पाहून पैसे का मोजावे?

जनावरापुढे अख्खा कडबा टाकला, की ते पाला खाते आणि जाड धाटे पायाखाली तुडवते. तीच धाटे अर्धा ते एक इंच कापून घातली, की बहुतेक खाऊन जाते. उसाचे वाढे, मका, हत्तीगवत यांचेही तसेच. म्हणून कुट्टी-यंत्र उपयोगी. नवे परवडत नाही, म्हणून पुष्कळजण जुने शोधतात. त्यात वावगे काही नाही. मात्र ते पारखून घ्यावे.

आधी आपली गरज पाहा. दोन-तीन जनावरे असली, तर हाताने फिरवायचे यंत्र पुरते. जास्त असली, तर मोटारीचे बरे. घरी सिंगल फेज वीज असेल, तर थ्री फेजची मोटार उपयोगाची नाही. हे घरूनच ठरवून निघा.

मग यंत्र तपासा. पहिली गोष्ट, वीज बंद करा. पिन काढून बाजूला ठेवा. मगच यंत्राला हात लावा.

चाक : ओतीव लोखंडाच्या चाकावर लहान हातोडीने हलके ठोका. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला तर तडा असण्याचा संभव. तडा गेलेले किंवा जोड दिलेले चाक फुकट मिळाले तरी नको. वेगात ते फुटले, तर जिवावर बेतते.

बेअरिंग : चाक दोन्ही हातांनी धरून हलवा. ते डुगडुगले, तर बेअरिंग गेले असे समजा.

पाती : घासून घासून पाती अरुंद होतात. तशी पाती लवकरच बदलावी लागणार. त्या मापाची पाती तालुक्याच्या बाजारात मिळतात का, ते विचारा.

रोलर आणि गिअर : दाते झिजले असतील, तर वैरण घसरते. रोलर उलटा फिरवायचा दांडा नीट पडतो का, ते पाहाच.

झाकण आणि पन्हाळ : चाकावर व पट्ट्यावर झाकण हवे. वैरण घालायचे पन्हाळ इतके लांब हवे, की हात लांब केला तरी रोलरला लागू नये.

ही शेवटची गोष्ट सर्वांत मोठी. आमच्या हाताखाली शिकलेल्या एका मुलाने जुने यंत्र घेतले. पन्हाळ मोडले म्हणून आधीच्या मालकाने ते कापून आखूड केले होते. एके दिवशी पेंढी अडली. त्याने ती हाताने रेटली. रोलरने पेंढीबरोबर हातही आत ओढला. उजव्या हाताची चार बोटे गेली. तो आज डाव्या हाताने सही करतो. पत्र्याचा एक तुकडा लावायला असा किती खर्च आला असता?

चालवून पाहा. आपल्या घरचा कडबा बरोबर न्या. अर्धा तास यंत्र चालवायला लावा. कुट्टी सरळ कापली गेली पाहिजे. धागे लोंबत असतील, तर पातीला धार नाही किंवा पाती नीट बसलेली नाही. मोटार घुमते का, जळका वास येतो का, ते पाहा. घरी आणल्यावर अर्थिंग केल्याशिवाय यंत्र सुरू करू नका.

हिशेब मांडा. समजा, मालक १२,००० रुपये मागतो. पाती ८००, बेअरिंग १,०००, पट्टा ४००, वाहतूक ८००. म्हणजे यंत्र १५,००० रुपयांना पडले. हा आकडा नव्याच्या किमतीशी ताडून पाहा. नव्या यंत्राला सरकारी अनुदान मिळेल का, हेही तालुका कृषी कार्यालयात विचारून घ्या.

पावती घ्या. तीत तारीख, दोघांची नावे, मोटारीचा नंबर आणि रक्कम असावी. रक्कम आकड्यांत व अक्षरांत लिहून घ्या. मग पावती स्वतः वाचा. ‘राहू द्या, घरचेच आहात,’ असे कोणी म्हटले, तरी वाचा. आपण अक्षरे शिकलो ती याचसाठी. वाचून झाल्यावरच सही करा.

सराव

१. चाकावर हातोडीने का ठोकावे?
२. पन्हाळ आखूड असले तर काय धोका?
३. यंत्राची किंमत ९,००० रुपये, दुरुस्ती २,५०० रुपये, वाहतूक ६०० रुपये. एकूण किती?
४. वरच्या व्यवहाराची पावती आपल्या वहीत लिहा.