काटा हलेना, मीटर पळेना : जुन्या गाडीच्या इलेक्ट्रॉनिक स्पीडोमीटरची तपासणी



आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या दारात दहा-पंधरा वर्षे वापरलेली जीप नाहीतर मोटार उभी आहे. शेतावर, कारखान्यावर, बाजाराला, लग्नकार्याला तीच धावते. इंजिन ठणठणीत असते, पण एक दिवस स्पीडोमीटरचा काटा शून्यावर बसतो तो उठतच नाही. "चालतीय ना गाडी, मग कशाला खर्च?" असे म्हणून आपण तसेच फिरतो. या पाठात आपण पाहणार आहोत की हे दुखणे का अंगावर काढू नये, आणि गॅरेजमध्ये जाण्याआधी घरच्या घरी ते कसे शोधावे.

काटा हवाच कशाला?

पहिले कारण जिवाचे. गळिताच्या दिवसांत नगर-मनमाड रस्त्यावर राहुरीपासून कोपरगावपर्यंत उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या रात्रंदिवस चालू असतात. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात साधारण १७ मीटर जाते, ८० ला २२ मीटर. ब्रेक दाबल्यावर थांबायला लागणारे अंतर मात्र वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे ६० च्या ऐवजी ८० असेल तर ते जवळपास पावणेदोन पट होते. अंधारात पुढची ट्रॉली अचानक दिसली, तर हाच फरक जगण्या-मरण्याचा ठरतो.

"आम्हाला अंदाज आहे" असे कोणी म्हणेल. पण डोळा फसतो. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. अशा रुंद रस्त्यावरून तासभर भरधाव आल्यावर माणूस गावच्या रस्त्याला उतरतो, तेव्हा ७० चा वेगही त्याला बैलगाडीसारखा वाटतो. त्या वेळी खरे सांगणारा फक्त काटा असतो.

दुसरे कारण कायद्याचे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम ११७ प्रमाणे गाडीला स्पीडोमीटर असणे बंधनकारक आहे. वेगमर्यादा मोडली तर हलक्या वाहनाला कायद्यात १,००० ते २,००० रुपये दंड आहे, आणि "काटा बंद होता" ही सबब कॅमेरा ऐकत नाही.

तिसरे कारण हिशेबाचे. काट्याबरोबर किलोमीटरचा आकडाही थांबतो. मग तेल कधी बदलायचे, टायर किती चालले, डिझेलला किती ॲव्हरेज पडते, सगळाच अंधार.

वेग काट्यापर्यंत पोहोचतो कसा?

१९०२ साली जर्मनीत ओटो शुल्झे यांनी ज्या मीटरचे पेटंट घेतले, त्यात गिअरबॉक्सपासून डॅशबोर्डपर्यंत फिरणारी केबल असते. केबल तुटली की काटा बंद, इतके ते सोपे. इलेक्ट्रॉनिक मीटरमध्ये केबल नसते. गिअरबॉक्सवर एक सेन्सर बसवलेला असतो. आत बहुधा प्लॅस्टिकचे छोटे दातेरी चाक असते. ते फिरले की सेन्सर विजेचे ठोके सोडतो, वायर ते मीटरकडे नेते आणि मीटर ठोके मोजून काटा हलवते. जपानी धाटणीच्या बऱ्याच गाड्यांत हे चाक एका किलोमीटरला ६३७ वेळा फिरते आणि दर फेऱ्याला ४ ठोके पडतात, म्हणजे किलोमीटरला २,५४८ ठोके.

हे आपल्या पाइपलाइनसारखेच आहे. सरीत पाणी येईना म्हणून कोणी आधी विहीर नवी खणत नाही. लाइट आहे का, मोटार फिरते का, पाइप कुठे फुटला का, हे क्रमाने पाहतो. इथेही सेन्सर म्हणजे मोटार, वायर म्हणजे पाइप आणि मीटर म्हणजे सरी. पण गॅरेजमध्ये पुष्कळदा पहिलाच सल्ला मिळतो, "मीटर बदला." आम्हीही एकदा असेच मीटर बदलून बसलो. काटा तरीही ढिम्म. शेवटी गाडीखाली गेलो, तेव्हा सेन्सरच्या प्लगात चिखल आणि हिरवा गंज निघाला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

आधी निरीक्षण, मग पाना

१. मीटरमधले बाकीचे काटे आणि दिवेही बंद आहेत का? असतील तर फ्यूज किंवा मीटरचे अर्थिंग पाहा.
२. वेगाचा काटा बंद, पण किलोमीटरचा आकडा पुढे सरकतो का? मग सेन्सर व वायर बहुधा ठीक आहेत. दोष मीटरच्या आत आहे.
३. काटा आणि आकडा दोन्ही बंद? मग सेन्सर, त्याची वायर किंवा दातेरी चाक यांच्यावर पहिला संशय.
४. काटा मधूनच उडतो, खड्ड्यात गेले की चालू होतो? सैल प्लग किंवा अर्धवट तुटलेली वायर समजावी.
५. इंजिनचा दिवाही लागला असेल तर मिस्त्रीकडून कोड वाचून घ्या. पी ०५०० हा कोड वेगाच्या सेन्सरच्या सर्किटमधला दोष दाखवतो. सेन्सरच नवा हवा असा त्याचा अर्थ नाही.

तपासणीच्या पायऱ्या

साधा डिजिटल मल्टिमीटर एवढेच मुख्य साधन लागते. जुना बल्बचा टेस्टर या वायरींना लावू नये. त्याचा करंट आतल्या इलेक्ट्रॉनिक भागांना झेपत नाही.

पायरी १ : फ्यूज. नुसते डोळ्यांनी पाहू नका, मल्टिमीटरने तपासा. उडालेला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा घाला. मोठा फ्यूज किंवा तार घालणे म्हणजे वायरिंग जाळण्याला आमंत्रण. नवाही उडाला तर कुठेतरी शॉर्ट आहे.

पायरी २ : प्लग आणि वायर. गाडी सपाट जागी घ्या, चाकांना दगड लावा, इंजिन गार होऊ द्या. गाडी उचलायची असेल तर नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून खाली शिरू नका. पक्के स्टँड लावाच. सेन्सरचा प्लग काढा. चिखल, तेल, गंज दिसला तर कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करा. वायर हाताने चाचपत वर या. गाडी पाचटाच्या गंजीजवळ किंवा गोठ्यात उभी राहत असेल, तर उंदराने कुरतडलेली जागा हमखास शोधा.

पायरी ३ : करंट येतो का? बहुतेक सेन्सरला तीन वायरी असतात : करंट, अर्थिंग आणि सिग्नल. प्लग काढलेला ठेवून चावी चालू करा. गाडीकडून आलेल्या प्लगात करंट व अर्थिंगच्या वायरींमध्ये बॅटरीइतके, म्हणजे साधारण १२ व्होल्ट दिसावेत. काही गाड्यांत ५ असतात. काहीच न दिसल्यास काळी पिन गाडीच्या स्वच्छ लोखंडाला लावून पुन्हा मोजा. आता व्होल्ट दिसले तर अर्थिंगची वायर तुटली आहे. तरीही नाही, तर करंटची वायर मागे तपासत जा.

पायरी ४ : ठोके पडतात का? प्लग परत बसवा. सिग्नलच्या वायरीला मागच्या बाजूने बारीक पिन लावून मल्टिमीटरची वायर आत सीटपर्यंत आणा. गाडी न्यूट्रलमध्ये, चावी चालू. सपाट जागेवर दोघांनी गाडी हळू ढकलावी, एकाने आत बसून ब्रेक सांभाळावा आणि आकडा पाहावा. आकडा शून्याजवळून ५ किंवा १२ च्या आसपास असा खाली-वर होत राहिला तर सेन्सर चांगला. चाक उचलून, गिअर टाकून, इंजिनवर फिरवण्याचा आगाऊपणा करू नका. गाडी जॅकवरून सुटते. दोन वायरींच्या सेन्सरची पद्धत वेगळी असते. तो स्वतःच थोडी वीज तयार करतो. ती एसी व्होल्टवर मोजावी लागते आणि फार हळू फिरवल्यास दिसत नाही.

पायरी ५ : ठोके नाहीत, पण करंट व अर्थिंग ठीक आहे? सेन्सर बाहेर काढा. बहुधा एकच बोल्ट असतो. दातेरी चाकाचे दात झिजले, तुटले का पाहा. प्लग जोडून ते चाक बोटाने फिरवा. ठोके पडू लागले तर सेन्सर जिवंत आहे. दोष दातांत किंवा गिअरबॉक्सच्या आतल्या चाकात. पडले नाहीत तर सेन्सर बदला. जुन्याचे दात मोजून तेवढ्याच दातांचा घ्या, नाहीतर काटा कायम खोटे बोलेल. बसवताना रबरी रिंग नवी टाका, म्हणजे तेल गळणार नाही.

पायरी ६ : सेन्सर ठोके देतो, तरी काटा बंद? मग तोच सिग्नल मीटरच्या मागच्या प्लगात पोहोचतो का ते पाहावे. पोहोचत नसेल तर मधली वायर तुटली आहे. नुसता पीळ मारून टेप गुंडाळू नका. डाग द्या आणि वर स्लीव्ह चढवा. सिग्नल पोहोचूनही काटा हलत नसेल, तरच मीटर दोषी. तेव्हाही आतला सुटलेला डाग जाणकार इलेक्ट्रिशियनकडून पुन्हा देऊन काम भागते का, हे आधी विचारा. स्टीअरिंगमध्ये एअरबॅग असेल तर डॅशबोर्ड स्वतः उघडू नका.

दुरुस्ती झाल्यावर

काटा ६० वर स्थिर ठेवून रस्त्याकडेचे दोन किलोमीटरचे दगड सोबत्याला मोजायला सांगा. एका किलोमीटरला ६० सेकंद लागावेत. थोडे जास्त लागले तर चिंता नको, कारण मीटर मुद्दाम किंचित जास्त दाखवतात. कमी सेकंद लागले तर मात्र मीटर वेग कमी दाखवते आहे. मोठ्या मापाचे टायर घातल्याने असे होते.

दुरुस्ती होईपर्यंत मोबाईलवर जीपीएसचा वेग पाहता येतो. मोबाईल स्टँडवर असावा, हातात नको. मात्र ती तात्पुरती सोय आहे. तेलबदल तारखेप्रमाणे करा. मीटर किती दिवस बंद होते ते वहीत लिहा आणि पुढे गाडी विकताना घेणाऱ्याला ते स्पष्ट सांगा. उसाच्या वजनकाट्यात किलोभराची खोट आपण खपवून घेत नाही. मग गाडीच्या काट्याची खोट दुसऱ्याच्या गळ्यात का मारावी?

नगरजवळच्या व्ही.आर.डी.ई. संस्थेत वाहनांच्या नव्या नमुन्यांची नियमाप्रमाणे चाचणी होते. आपल्या दारातल्या जुन्या गाडीची चाचणी मात्र आपणच घ्यायची आहे.

लक्षात ठेवा : फ्यूज, प्लग, करंट, अर्थिंग, ठोके, दाते आणि सगळ्यांत शेवटी मीटर. हा क्रम पाळला तर पैसे वाचतील, आणि हंगामात रात्रीचे घरी सुखरूप पोहोचाल.