स्टेपलरची सुंता: डबीची किंमत आणि बिलाचा आकडा

फायमोसिसच्या (शिश्नाच्या टोकावरची कातडी मागे न सरकण्याच्या तक्रारीच्या) ऑपरेशनची चौकशी करायला पुण्यामुंबईत चार ठिकाणी फोन लावा, चार वेगळे आकडे ऐकू येतील. सर्जनच्या छोट्या नर्सिंग होममध्ये टाके घालून केलेली सुंता साधारण १० ते २५ हजारांत होते. जाहिराती करणाऱ्या ठिकाणी ‘स्टेपलर सर्जरी, दहा मिनिटांत मोकळे’ असे सांगून २५ पासून ६० हजारांपर्यंतचे पॅकेज समोर ठेवतात. कातडी तीच, कापायची जागा तीच, पेशंट दोन्हीकडे त्याच दिवशी घरी जातो. फरकाचा मोठा वाटा एकदा वापरून फेकून द्यायच्या एका प्लॅस्टिकच्या उपकरणाच्या नावावर लागतो. त्या उपकरणाला रुग्णालयाने किती मोजले, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. विषयच असा की माणूस ओशाळतो आणि सही करून मोकळा होतो. बिल करणाऱ्यांना हे पक्के ठाऊक असते.

आधी ऑपरेशन लागते का ते पाहा

लहान मुलाची कातडी मागे सरकत नाही म्हणून धास्तावलेल्या आईबापांचे पैसे इथेच वाचू शकतात. जन्मतः ही कातडी आतल्या भागाला चिकटलेलीच असते आणि हळूहळू सुटते. काही मुलांमध्ये वयात येईपर्यंत वेळ लागतो. लघवी करताना कातडीचा थोडा फुगा होतो, एवढ्यावरून ऑपरेशनची तारीख घेऊ नका. आंघोळीच्या वेळी जोर लावून कातडी मागे ओढणे तर बंदच करा. त्याने चिरा पडतात, त्या भरताना वण धरतो आणि नव्हता तो फायमोसिस तयार होतो. उपचार हवाच असेल, तर बीटामेथासोनसारखे स्टिरॉइडचे मलम डॉक्टरांच्या सांगण्यानुसार चार ते आठ आठवडे लावून बहुतेक मुलांची कातडी सैल पडते. ट्यूब शंभर रुपयांच्या आतबाहेर मिळते. मलमाचे नावही न काढता कोणी थेट ऑपरेशन सांगितले, तर दुसऱ्या डॉक्टरांची पाचशे-हजाराची फी खुशाल खर्च करा.

एक गोष्ट मात्र धर्मासाठी सुंता करणाऱ्यांनीही पाहून घ्यायला हवी. लघवीचे भोक टोकाला नसून खालच्या बाजूला असेल, तर सुंता करायची नाही. ते भोक जागेवर आणायच्या ऑपरेशनला सर्जनला हीच कातडी लागते.

चाळिशी-पन्नाशीतल्या पुरुषाची कातडी अलीकडेच आवळू लागली असेल, चिरा पडत असतील, तर पहिला खर्च रक्तातल्या साखरेच्या तपासणीचा. एचबीएवनसी चारशे ते सहाशे रुपयांत होते. मधुमेह असल्याचा पत्ता अनेकांना असाच लागतो. शिवाय डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, त्यामुळे त्या जागी बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. डापाग्लिफ्लोझिनचे पेटंट २०२० मध्ये संपले, किंमत उतरली आणि ही गोळी आता घरोघरी दिसते. गोळी आपल्या मनाने बंद करू नका, पण सर्जनला तिचे नाव जरूर सांगा. याउलट कातडी पांढरट आणि कडक झाली असेल, तर ऑपरेशन लांबवू नये, आणि काढलेला तुकडा तपासणीला पाठवायला सांगावे. त्याचे साधारण एक ते दोन हजार वेगळे लागतात आणि पॅकेजमध्ये ते सहसा धरलेले नसतात. कातडी मागे जाऊन तिथेच अडकली आणि सूज चढली, तर मात्र दर विचारत बसू नका, जवळचे रुग्णालय गाठा.

‘एचआयव्हीपासून संरक्षण’ असेही काही जाहिरातींत असते. त्याला आधार आहे, पण संदर्भ वेगळा आहे. दक्षिण आफ्रिका, केनिया आणि युगांडातल्या तीन चाचण्यांत पुरुषांना स्त्रीकडून होणाऱ्या संसर्गाचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी कमी दिसला, आणि २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जिथे साथ फार पसरलेली आहे अशा आफ्रिकी देशांसाठी सुंतेची शिफारस केली. तेवढ्यावर कोथरूड-डोंबिवलीच्या माणसाने चाळीस हजार मोजावेत, असे त्यातून निघत नाही. निरोधची गरज तर सुंता झाल्यावरही सुटत नाही.

डबीत असते काय?

उपकरण मूळचे चिनी बनावटीचे. आपल्याकडे ते ‘झेडएसआर’ या नावाने ओळखले जाते. हातात घेतले तर वजन जाणवत नाही इतके हलके. एका दांडीच्या टोकाला प्लॅस्टिकची घंटेसारखी वाटी असते. ती कातडीच्या आत, टोकावर बसवतात, म्हणजे आतला भाग झाकला जाऊन सुरक्षित राहतो. कातडी वाटीवर ओढून दांडीला प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट आवळतात. मग वरून पिस्तुलासारखी मूठ असलेला मुख्य भाग चढवायचा, मागची चकती फिरवून कातडी दोन्हींमध्ये दाबायची, सुरक्षेची खीळ काढायची आणि मूठ दाबायची. आतले गोल पाते कातडी कापते आणि त्याच दाबात बारीक धातूच्या पिना कापलेल्या कडेवर गोल बसतात. थोडा वेळ दाबून धरले की रक्त थांबायला मदत होते. भूल चढल्यानंतरचे हे सगळे काम पाच-दहा मिनिटांचे.

कल्पना नवी नाही. अमेरिकेत गोमको क्लॅम्प १९३५ पासून आहे. प्लॅस्टिबेल ही दोऱ्याने आवळायची प्लॅस्टिकची कडी १९५० च्या दशकातली. बाळांसाठी ती आजही वापरतात, आणि आठवडाभरात वाळलेल्या कातडीसह ती आपोआप गळून पडते. आफ्रिकेतल्या सुंतेच्या मोहिमांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये प्रेपेक्स आणि २०१५ मध्ये चिनी शांग रिंग या कड्यांना मान्यता दिली. प्रेपेक्समध्ये कातडी रबरी कडीखाली वाळू देऊन आठवड्याने कापत. त्यात काही जणांना धनुर्वात झाल्यावर आधी धनुर्वाताची लस देण्याची अट आली. या सगळ्यांमागे हेतू एकच होता: कमी शिकलेल्या हातानेही, कमी वेळात, टाके न घालता काम व्हावे. म्हणजे खर्च वाचावा. आपल्याकडे तशाच कल्पनेचा स्टेपलर आला तो महागडी सेवा म्हणून.

हातच्या ऑपरेशनला स्टेपलरने मागे टाकले आहे ते वेळेत आणि रक्तस्रावात. कडही एकसारखी दिसते. पण हाताने टाके घालणारा अनुभवी सर्जन हेच काम वीस-तीस मिनिटांत करतो, टाके विरघळणारे असतात आणि सहा महिन्यांनी बघितले तर दोन्हीत माणसाला फारसा फरक कळणार नाही. पिनांचा स्वतःचा त्रासही असतो. त्या दोन ते चार आठवड्यांत गळतात. एखादी कातडीत रुतून बसते आणि काढावी लागते. वाटीचे माप चुकले तर कातडी कमी-जास्त कापली जाते. हे उपकरण १२ मिलिमीटरपासून ३० च्या वरपर्यंत अनेक मापांत येते, आणि छोट्या ठिकाणी सगळी मापे ठेवलेली नसतात. ‘माझे माप कधी घेणार, आणि ते तुमच्याकडे आहे का?’ हा प्रश्न तपासणीच्या दिवशीच विचारा.

पंचेचाळीस हजार जातात कुठे?

घाऊक बाजारात हा स्टेपलर कंपनी आणि मापाप्रमाणे अडीच-तीन हजारांपासून सात-आठ हजारांपर्यंत मिळतो. वेष्टनावरची छापील किंमत अनेकदा याच्या कितीतरी पट असते. बिलात तोच छापील आकडा लागतो, आणि त्यात बेकायदा काही नसते. एमआरपीपेक्षा जास्त घेता येत नाही एवढाच कायदा. एमआरपी किती असावी हे कंपनीच ठरवते. हृदयाच्या स्टेंटवर सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये दराची मर्यादा घातली, औषध सोडणाऱ्या स्टेंटला २९,६०० आणि साध्याला ७,२६० रुपये. सुंतेच्या स्टेपलरवर अशी मर्यादा नाही; वर्षाला १० टक्क्यांहून जास्त एमआरपी वाढवू नये, एवढे बंधन आहे. राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने २०१८ मध्ये दिल्ली परिसरातल्या चार खासगी रुग्णालयांची बिले तपासली, तेव्हा काही वस्तूंवरचा नफा १,७३७ टक्क्यांपर्यंत निघाला होता. फेकून द्यायच्या वस्तूंवर कमाई कशी होते, त्याचा यावरून अंदाज यावा.

आता समजा, मोठ्या माणसासाठी ४५ हजारांचे पॅकेज सांगितले. त्यात स्टेपलर १८ ते २० हजार, सर्जनची फी १० ते १२ हजार, ऑपरेशन थिएटर सात-आठ हजार, उरलेल्यात खोली, औषधे, ड्रेसिंग अशी फोड निघू शकते. हाताने केले असते तर स्टेपलरच्या जागी विरघळणारा धागा, भुलीचे इंजेक्शन आणि हातमोजे मिळून हजार-दीड हजार लागले असते. मोठ्या माणसाला मुळाशी इंजेक्शन देऊन जागा बधिर केली की पुरते. भूलतज्ज्ञ आणि रात्रभराची खोली दोन्ही बहुधा वाचतात. ‘पूर्ण भूल देऊ, त्रास नको’ म्हटले तर कारण विचारा. लहान मुलाला मात्र पूर्ण भूल लागते. तिथे भूलतज्ज्ञाच्या तीन ते सहा हजारांवर घासाघीस करू नका आणि भूलतज्ज्ञ स्वतः हजर राहणार की नाही याची खात्री करा.

‘लेझर सुंता’ या पाटीलाही भुलू नका. पुष्कळ ठिकाणी त्या नावाखाली स्टेपलरच वापरतात. विजेवर चालणारे कापण्याचे यंत्र वापरणार असतील, तर मुलांसाठी ते बायपोलर आहे ना, एवढे विचारा. मोनोपोलर यंत्राचा प्रवाह शरीरातून जातो आणि या अवयवाला त्याने गंभीर भाजू शकते.

फोनवर फक्त ‘पॅकेज किती’ विचारून भागत नाही. स्टेपलर धरून किती, रक्ताच्या तपासण्या धरून किती, नंतरच्या किती भेटी त्यात, रक्त थांबले नाही आणि टाका घालावा लागला तर जादा किती, रुतलेली पिन काढायचे वेगळे पैसे का, हे सगळे विचारा आणि उत्तर व्हॉट्सॲपवर लेखी मागा. ‘टाके घालून केले तर किती?’ हे त्याच फोनवर विचारा. समोरचा अडखळला की कुठे काय दडले आहे ते कळते. महाराष्ट्रात २०२१ च्या नर्सिंग होम नियमांप्रमाणे रुग्णहक्कांची सनद आणि मुख्य सेवांचे दर रुग्णालयाने दर्शनी भागात लावायचे आहेत. फलक दिसला नाही तर विचारायला संकोच कसला?

ऑपरेशनच्या दिवशी स्टेपलरचे बंद पाकीट तुमच्यासमोर किंवा नातेवाइकासमोर फोडायला सांगा. त्यावर बॅच क्रमांक, मुदत, ‘एकदाच वापरा’ ही सूचना, आयात असेल तर परवाना क्रमांक आणि एमआरपी असते. स्टिकर केसपेपरवर चिकटवून घ्या, रिकामा डबा घरी आणा. असली उपकरणे धुऊन पुन्हा वापरण्याचा मोह काही ठिकाणी होतो. डबा मागणारा पेशंट असला की तो आपोआप आवरतो.

कमी पैशांत

सार्वजनिक आरोग्य विभागाच्या ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. फायमोसिसचे ऑपरेशन तिथे टाके घालून होते, आणि ते कमी दर्जाचे असते असे मानायचे कारण नाही. मुंबईत केईएम, सायन, नायर, कूपर ही महापालिकेची रुग्णालये आणि जे. जे., पुण्यात ससून इथे नाममात्र शुल्क लागते. खरी किंमत रांगेत आणि तारखेच्या वाट पाहण्यात मोजावी लागते. धर्मादाय रुग्णालय असेल, तर वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असलेल्या कुटुंबासाठी १० टक्के खाटा मोफत आणि ३ लाख ६० हजारांपर्यंत १० टक्के खाटा सवलतीत आहेत. उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड बरोबर न्या आणि वैद्यकीय समाजसेवकाला भेटा, बिलिंगच्या खिडकीवर वेळ घालवू नका.

मुसलमान कुटुंबांत मुलाच्या खतन्याला मे महिन्याची सुट्टी सोयीची. त्या दिवसांत काही संस्था मोफत शिबिरे भरवतात. कोकणातल्या बेने इस्रायल घरांत आठव्या दिवशीचा रिवाज आहे. शिबिर असो की घर, हत्यारे निर्जंतुक आहेत का, रक्तस्राव झाल्यास कोणत्या रुग्णालयात न्यायचे, हे आधी ठरलेले असावे. घरात कोणाला दात काढल्यावर किंवा छोट्या जखमेतून रक्त थांबत नसल्याचा इतिहास असेल, तर आधी रक्ताची तपासणी करा.

विमा असेल तर एवढे लक्षात ठेवा: धार्मिक किंवा आवडीच्या सुंतेचे पैसे मिळत नाहीत, आजारापोटी केलेल्या सुंतेचे मिळू शकतात. केसपेपरवर निदान स्पष्ट हवे. ‘फायमोसिस, वारंवार संसर्ग’ लिहिलेले असले की दावा उभा राहतो. प्रतीक्षा काळ पॉलिसीत पाहा, आणि स्टेपलरची रक्कम मंजूर होणार का ते पूर्वमंजुरीच्या वेळीच विचारा. नाकारली गेली, तर ती तुमच्या खिशातून जाते आणि हे डिस्चार्जच्या टेबलावर कळते.

ऑपरेशननंतर दोन-तीन दिवस रजा, सैल कपडे, आणि लैंगिक संबंध सहा आठवडे बंद. पिना गळायला लागल्या की घाबरू नका. चार आठवड्यांनंतरही उरल्या, तर सर्जनकडे जा. बिलात सांगितले त्यापेक्षा जास्त लावले आणि रुग्णालय दाद देत नसेल, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. पुढे जायचे ठरले, तर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जावे लागते. वस्तू-सेवेपोटी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल, तर फी शून्य. तिथे पक्के बिल, व्हॉट्सॲपवरचे अंदाजपत्रक आणि तो रिकामा डबा, तिन्ही लागतात.