एका हाताचा धावपटू

आपल्या धाराशिव जिल्ह्याला खो-खोचे भारी वेड. त्यामुळे पळणे म्हणजे काय, ते आपल्याला सांगायला नको. पळताना पाय चालतात, तसे हातही चालतात. उजवा पाय पुढे, तर डावा हात पुढे. त्याने अंगाचा तोल राहतो. मग ज्याला एकच हात, त्याने कसे पळावे?

नाशिक जिल्ह्यातील सुरगाणा तालुक्याच्या दिलीप गावितने ते करून दाखवले. लहानपणीच त्याचा एक हात गेला. पण त्याने पळणे सोडले नाही. वैजनाथ काळे यांनी त्याला शिकवून तयार केले. 2023 साली चीनमध्ये हांगझोऊ येथे आशियाई पॅरा स्पर्धा झाल्या. तिथे दिलीप 400 मीटर 49.48 सेकंदांत धावला आणि पहिला आला. त्या स्पर्धेतले भारताचे ते 100 वे पदक!

ज्यांचे पाय गेले, तेही पळतात. त्यांना कार्बनच्या धाग्यांची वाकडी पाती लावतात. भार पडला की पाते दबते, सुटताना माणसाला पुढे लोटते.

गावात कुणा मुलाचा हात-पाय गेला, की आपण “बिचारा” म्हणतो आणि त्याला ओसरीवर बसवतो. तसे करू नये. सरकारी दवाखान्यातून त्याचा दाखला काढावा. अपंगत्व 40 टक्के किंवा जास्त असेल, तर 6 ते 18 वर्षांपर्यंत शिक्षण फुकट, असा 2016 चा कायदा आहे. त्याला शाळेत घालू या. मैदानावरही जाऊ देऊ या.