४.३ खेळ सिद्धांत आणि सार्वजनिक धोरण : भूजलाचा पेच

धोरण शासन ठरवते. परंतु लोकही स्वस्थ बसत नाहीत. इतर काय करतील याचा अंदाज घेऊन प्रत्येक जण आपली कृती निवडतो. अशा परस्परावलंबी निर्णयांचा अभ्यास म्हणजे खेळ सिद्धांत, अर्थात गेम थिअरी.

उदाहरणार्थ, चाळीसगाव तालुक्यातील शेजारच्या दोन शेतांची कल्पना करा. दोन्ही विहिरींना एकाच भूस्तरातील पाणी मिळते. खोल कूपनलिका घ्यावी की विहिरीवर भागवावे, हा प्रश्न आहे. समजण्यासाठी काल्पनिक आकडे घेऊ. दोघांनी संयम राखल्यास प्रत्येकाला ४० हजार रुपये सुटतात. एकानेच कूपनलिका घेतल्यास त्याला ५० हजार व शेजाऱ्याला १० हजार मिळतात. दोघांनीही घेतल्यास खर्च वजा जाता प्रत्येकी २० हजार उरतात.

आता एका शेतकऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. शेजारी थांबला, तर कूपनलिकेने ४० ऐवजी ५० हजार मिळतात. त्याने ती घेतली, तर १० ऐवजी २०. दोन्ही स्थितींत कूपनलिकाच लाभाची ठरते. परिणामी दोघेही २० हजारांवर येतात आणि एकट्याने माघार घेणे कोणालाच परवडत नाही. या स्थितीस ‘नॅश समतोल’ म्हणतात. येथे कोणीही अविचारी नाही; म्हणूनच ‘पाणी जपून वापरा’ एवढ्या उपदेशाने पेच सुटत नाही. लाभहानीचे गणितच बदलावे लागते.

एक मार्ग कायद्याचा. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ हा ६० मीटरपेक्षा खोल विहिरीस ‘खोल विहीर’ मानतो आणि अधिसूचित क्षेत्रात शेती वा उद्योगासाठी ती घेण्यास मनाई करतो. आपल्या उदाहरणात दंड खात्रीने होणार असेल, तर १० हजारांहून थोडा अधिक दंडही पुरेल. मात्र चारांपैकी एकच जण पकडला जात असेल, तर तो ४० हजारांहून अधिक हवा. देखरेख दुबळी असल्यास कायदा कागदावरच राहतो.

दुसरा मार्ग खानदेशाच्या परंपरेत आढळतो. पांझरा, मोसम या नद्यांवरील फड पद्धतीत शेतकरी बंधाऱ्याचे पाणी स्वतःच वाटून घेत. एका फडात एकच पीक घेतले जाई. टंचाईत काही फड कोरडे ठेवले जात. ज्याची जमीन अनेक फडांत असे, त्याच्यावर तुटीचा सगळा भार पडत नसे. पाणी देण्यासाठी शेतकऱ्यांनीच पाटकरी नेमलेला असे. नियमभंग शेजाऱ्यांच्या नजरेस येई आणि त्याच शेजाऱ्यांशी पुढील हंगामातही गाठ असे. हा ‘पुनरावृत्त खेळ’ होय. त्यात आजच्या फसवणुकीची किंमत उद्या मोजावी लागते. सामायिक संसाधनांच्या अशाच व्यवस्थांच्या अभ्यासासाठी एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

तथापि पाटातील पाणी दिसते, भूजल दिसत नाही. म्हणून विहिरींच्या पातळीची नियमित मोजणी आणि गावाचा पाण्याचा ताळेबंद सर्वांसमोर मांडणे, ही भूजल धोरणाची पहिली पायरी ठरते.

स्वयं-अध्ययन प्रश्न
१. कूपनलिकेसाठी प्रत्येकी १० हजार रुपये अनुदान दिल्यास वरील आकडे कसे बदलतील? पेच सुटेल की वाढेल?
२. आपल्या गावातील एका सामायिक संसाधनाच्या वापराचे याच पद्धतीने विश्लेषण करा.